परतीचा डबा

१

काशीराम गुरुजींच्या दारात डबा ठेवलेला होता. घासलेला, पुसलेला, झाकण घट्ट बसवलेला. न्यायला येणाऱ्याला वाकावं लागू नये म्हणून चपलांच्या फळीवर. दाराच्या आत गुरुजी जमिनीवर पडले होते, आणि त्यांना जाऊन रात्र उलटली होती.

नवीन पनवेलमधली ती जुनी सोसायटी. दुधाची पिशवी उचलली गेली नाही म्हणून शेजाऱ्यांनी दार तोडलं. गुरुजी निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे, मधुमेही. स्वयंपाकघरात एक वाटीही उष्टी नव्हती, पण न्हाणीघरात उलट्यांच्या खुणा होत्या. पोटात काहीतरी विषारी गेलंय एवढंच डॉक्टर सांगू शकले. काय ते कळायला प्रयोगशाळेची वाट बघावी लागणार होती.

पोलिसांनी डबा उघडला. तो रिकामा नव्हता. तळाशी कागदाची पुडी होती, आणि पुडीत चमचाभर साखर.

"मधुमेह्याच्या घरात साखर?" साहेब म्हणाले, आणि पुडी सीलबंद झाली.

गुरुजींच्या मोबाइलमध्ये, डबा मागवायच्या ॲपवर, शेवटची नोंद आदल्या दिवसाची, म्हणजे एकादशीच्या दुपारची होती. डबा आवडला की नाही हे सांगण्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: 'कडवटपणा उत्तम. पाच तारे.'

मेलेल्या माणसाने आपल्या विषाला पाच तारे दिले होते. संध्याकाळी पोलिसांनी डबा रांधणाऱ्या दमयंती कोळीला सुकापूरहून उचललं.

२

'मोकळा डबा' हे ॲप म्हणजे मुळात प्रितेश ठाकूरची थट्टा होती. मित्राच्या हळदीत पंगत लांबली तेव्हा तो म्हणाला होता, "अख्ख्या पनवेलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या घरी आत्ता भात उतरलाय. आपल्याला फक्त पत्ता माहीत नाही." सगळे हसले. घरी गेल्यावर प्रितेशचं हसू थांबलं आणि तो कामाला लागला.

कोणीही रांधावं, कोणीही न्यावं, कोणीही खावं. नोंदणी नाही, दलाली नाही, कंपनीच्या मोटारसायकली नाहीत. ज्याला त्या बाजूला जायचंच आहे त्याने डबा सोबत न्यावा, वाट बदलली तर पुढच्याच्या हाती द्यावा. वाशीचा एक गुंतवणूकदार हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे, पण या कंपनीत कंपनी कुठे आहे?" त्याने विचारलं होतं.

"ती नाही हीच तर आयडिया आहे, सर."

आता, २०१५च्या डिसेंबरात, तोच प्रितेश सुनीता घरतांच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, हातात मोबाइल. सुनीता पोलिसात हवालदार होत्या, निवृत्त झाल्या होत्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या करंजा गावच्या होत्या. दमयंती आणि त्या एकाच वाळवणावर कावळे हाकत मोठ्या झाल्या होत्या.

"मावशी, दमयंतीमावशींनी हे केलेलं नाही."

"ते तू मला सांगतोस?"

"पण त्या काही बोलतच नाहीत. आणि त्यात ते गेटवरचं भांडण..."

भांडण सगळ्या सोसायटीने ऐकलं होतं. गेल्या आठवड्यात गुरुजींनी दमयंतीला एकच तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं: 'मीठ जास्त, आदर कमी.' दमयंती तडक त्यांच्या गेटवर गेली होती. "या मास्तरला असा डबा देईन का दिवसा तारे दिसतील!" असं ती तिथे ओरडली होती. तेव्हा वॉचमनसकट सगळे हसले होते. आता वॉचमनने तेच वाक्य जबाबात दिलं होतं.

"पोलीस म्हणतात, कडू कारल्याच्या भाजीत विष लपवलं," प्रितेश म्हणाला. "हे बघा, गुरुजींनीच लिहिलंय."

सुनीतांनी मोबाइल हातात घेतला. ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"प्रितेश, एकादशी होती ना त्या दिवशी? गुरुजींचा उपास होता?"

"हो. उपासाचा डबा मागवणारे ते एकटेच होते."

"मग उपासाच्या डब्यात कारलं कसं येईल?"

३

चौकीत सुनीतांना कोणी अडवलं नाही. दमयंती भिंतीला टेकून बसली होती. केसात कालचाच गजरा होता, सुकलेला.

"दमी, डब्यात काय होतं?"

"वरी. दही. करांद्यांची भाजी, तुपातली." तिचा आवाज बसला होता. "साबुदाना नको, बटाटा नको, रताळं नको. मास्तरला साखर हाय ना! मंग घालू काय डब्यात, माजं डोकं? करांदे गावले, बरं झालं म्हटलं."

करांदे म्हणजे केसाळ सालीचा कंद. थंडीत पनवेलच्या बाजारात बायका ते उकडून विकतात. उपासाला चालतात, आणि लहानपणी सुनीतांनी ते पोतंभर खाल्ले होते.

"चाखली होतीस भाजी?"

"एकादशीला मी सांजेपर्यंत पानी तरी घेते का? तुला काय ठावं नाय?"

"आणखी कुणाच्या डब्यात घातलीस?"

"मूठभर तर होते. त्याच्या एकट्याच्याच."

"आणलेस कुठून?"

खोटं बोलताना लोक नजर चुकवतात. दमयंतीचं लहानपणापासून उलटं होतं. ती रोखून बघायची. आता तिने सुनीतांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"बाजारातून."

"दमी, खुनाचा आळ आहे. गुरुजी मेले."

"मंग काय आनखी एकाला मारू?" दमयंती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसली.

४

वॉचमनने आणखी एक गोष्ट सांगितली होती. एकादशीच्या सकाळी कमलाकर खानावळवाला गुरुजींच्या जिन्यावर दिसला होता, टोपी डोळ्यांवर ओढून. कमलाकरची खानावळ एसटी स्टँडजवळ होती. मोकळ्या डब्याने त्याची गिऱ्हाइकं तोडली होती. 'एक दिवस कुणाचं तरी पोट बिघडेल, मग रडाल,' असं तो चारचौघांत म्हणत आला होता.

"जिन्यात काय करत होतास?" सुनीतांनी विचारलं.

कमलाकरने गल्ल्यावरून मान वर केली नाही. "फिरत होतो."

"तिसऱ्या मजल्यापर्यंत? गुडघेदुखीचा पट्टा बांधून?"

"दुसऱ्या मजल्यापर्यंतच." आणि मग तो चिडला. "तुम्हाला काय करायचंय, ताई? जिन्यावर चढायला पण आता परवाना लागतो?"

समोरच्या ताटातल्या लसणीच्या चटणीकडे सुनीतांचं लक्ष गेलं. वर जाडसर तीळ पेरलेले होते. ही चटणी त्या महिनाभर घरी मागवून खात होत्या. मोकळ्या डब्यातल्या 'शांतीआजीच्या स्वयंपाकघरा'तून.

"शांतीआजी," त्या हळूच म्हणाल्या, "चटणी झकास असते हं तुमची."

कमलाकरचा चेहरा पडला. त्याने इकडेतिकडे बघितलं. "दुसऱ्या मजल्यावर डबा द्यायला गेलो होतो," तो पुटपुटला. "गिऱ्हाईक सगळं तिकडे गेलं, मग मीपण गेलो. पण ताई, हे बाहेर सांगू नका. पोरं हसतील." थोडं थांबून तो म्हणाला, "आजी म्हणून मला कुणी कधी एक तारा दिला नाही. कमलाकर म्हणून रोज शिव्या."

तो खरं बोलत होता, आणि त्यातून काहीच हाती लागलं नाही.

राहिला प्रणित. नेऱ्याच्या बाजूला राहणारा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा. रोज सकाळी सुकापूरवरून पनवेलला येताना आणि दुपारी जेवायला जाता-येता तो मोटारसायकलवर डबे न्यायचा. गुरुजींचा शेवटचा डबा त्यानेच पोचवला होता.

"थेट नेला, मावशी. उघडलासुद्धा नाही. वाटेत थांबलो नाही." तो एकाच मोबाइलची काच पुन्हा पुन्हा पुसत होता. "दमयंतीमावशींना सोडतील ना?"

"का सोडतील?"

"नाही, म्हणजे... त्यांची काही चूक नाही."

"मग कुणाची आहे?"

प्रणित काच पुसत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

५

दमयंतीच्या खोलीची चावी शेजारणीकडे होती. सुनीतांनी आधी कचऱ्याची बादली जमिनीवर पालथी केली. मिरचीची देठं निघाली, दह्याची पिशवी निघाली, वरीच्या पुड्याचा कागद निघाला. करांद्याची साल एकही नव्हती. बाजारात करांदे सालीसकट मिळतात. म्हणजे हे करांदे घरात आले तेच सोललेले, कापलेले.

मोरीच्या कडेला एक जुना दोन पुडांचा डबा पालथा घातला होता. सुनीतांनी तो उजेडात धरला. झाकणाच्या खाचेत करड्या राखेची रेघ अडकलेली होती. दमयंतीकडे गॅस होता. भांडी ती साबणाने घासायची. राख या घरातली नव्हती.

डोक्यातला गुंता सुटत होता, पण टोक सापडत नव्हतं. सुनीता घरी परतल्या तर ओट्यावर शेजाऱ्यांची वाटी पडली होती. परवा शेजाऱ्यांच्या सुनेने खीर घालून पाठवली होती ती. परत द्यायला हवी होती. सुनीतांनी वाटी विसळली, पुसली, गुळाचा खडा काढून आत टाकला आणि दाराकडे निघाल्या.

उंबऱ्यातच त्या थांबल्या.

आपण गूळ टाकला हे त्यांना आत्ता कळलं. हाताने तो आपणहून टाकला होता. त्यांच्या आईने टाकला असता, गुरुजींच्या आईने टाकला असता. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

मधुमेह्याच्या घरातली साखर खायची नव्हती. द्यायची होती. गुरुजींनी जेवून डबा घासला, चमचाभर साखर पुडीत बांधून आत ठेवली, दाराबाहेर मांडला आणि मग त्यांना कळ आली. एक तारा देणारा माणूस डबा मात्र रिकामा परत करणार नव्हता.

सगळ्यांनी एकच शोधलं होतं, डबा गेला कसा. परत येताना त्यात काय आलं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

राखेची रेघ असलेल्या त्या डब्यातून एकादशीच्या सकाळी दमयंतीच्या घरी काय आलं होतं? आणि चूल पेटवणारं कोणतं घर तिचा डबा खात होतं?

प्रितेशने फोनवर सांगितलं. "एक डबा त्या फुकट पाठवायच्या, मावशी. नेऱ्याच्या रस्त्यावरच्या वीटभट्टीवर. एक बाळंतीण आहे तिथे."

६

भट्टीच्या कडेला कारवीच्या कुडाची झोपडी होती. चिंधी दारात बसली होती, मांडीवर मूल. पोरगेलीच, पण गालफडं बसलेली. डोंगराकडची ही कातकरी माणसं हंगामापुरती भट्टीवर येत.

"मावशीनं धाडलं का तुमाला?" सुनीतांना बघून तिचा चेहरा उजळला. "डबा आला नाय परवाधरनं. बरी हाय ना ती?"

"बरी आहे. कामात आहे जरा."

"तिच्या कालवनावर उठले मी. नायतर दूद कुठलं आंगावर?" तिने मूल सावरलं. "करांदे ग्वाड लागले का तिला?"

सुनीता कुडाला टेकल्या. "तू दिले होतेस?"

"आनंतानं खनले, माज्या नवऱ्यानं. कडू जात हाय ती, पर आमी कडूच खातो. कापायचे, राखेत उकडायचे, मंग रातभर वाहत्या पान्यात ठेवायचे, का इख निघून जातं. मी उकडले. वढ्यावर मला आजून जाववत नाय. तवर डबेवाला दारात उबा. रिकामा डबा कसा धाडू, मावशी? घरात तर दुसरं काय नव्हतं." ती हसली. "म्हनून निरोप दिला, का पान्यात ठेवल्याबिगर खाऊ नको. ठेवले ना तिनं?"

झोपडीत धूर भरला होता. सुनीतांनी डोळे पुसले.

"ठेवले," त्या म्हणाल्या.

"मंग ग्वाड झाले आसतील."

"निरोप कुणाजवळ दिला होतास?"

"त्यो मोबाइलवाला," चिंधी म्हणाली. "भला हाय बिचारा."

७

मोकळ्या डब्याचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सचा जुना गाळा. प्रितेश खुर्चीत होता, प्रणित दारापाशी उभा. सुनीतांनी शटर अर्धं ओढलं.

"एकादशीच्या सकाळी तू भट्टीवरून डबा आणलास. मला मात्र फक्त गुरुजींच्या डब्याचंच सांगितलंस."

प्रणितने काही नाकारलं नाही. "दुकानात घाई होती, मावशी. मी सुकापूरच्या फाट्यावर डबा दत्ता रिक्षावाल्याकडे दिला. त्याला त्याच गल्लीत जायचं होतं. तसं चालतं ना आपल्यात, पुढच्याकडे द्यायचं..."

"डबा दिलास. आणि निरोप?"

बाहेर कोणीतरी शटर वाजवून निघून गेलं.

"तेवढ्यात दुकानातून शेठचा फोन आला," प्रणित म्हणाला. "डबा दिला, फोन घेतला आणि निघालो."

"दुपारी गुरुजींचा डबा न्यायला तिच्या दारात उभा होतास. तेव्हाही नाही?"

"तेव्हाही नाही आठवलं."

"मग कधी?"

"गुरुजी गेले असं कळलं तेव्हा." तो खाली बसला, भिंतीला पाठ लावून. "तेव्हा लगेच आठवलं. शब्दन्‌शब्द."

सुनीतांनी मांडलं ते थोडक्यात मांडलं. करांदे दमयंतीला माहीत होते, पण गोड जातीचे. उकडून, कापून आलेले पाहून तिला ते तयारच वाटले. वरची राख तिने धुतली, चुलीतली असेल म्हणून. एकादशी होती म्हणून चाखले नाहीत. दुसऱ्या कुणीही पहिल्या घासाला ते थुंकून टाकले असते. गुरुजींना साखरेचा आजार, आणि कडू तेवढं औषध ही आयुष्यभराची श्रद्धा. त्यांनी ते चवीने संपवले आणि पाच तारे दिले.

"कुणीच काही वाईट केलं नाही," प्रितेश म्हणाला.

"नाही."

त्याने लॅपटॉप उघडला, उगाच. पडद्यावर मोकळ्या डब्याचं पान आलं. "पत्त्याला जागा आहे," तो म्हणाला. "पदार्थाला आहे. ताऱ्यांना आहे. निरोपाला जागाच ठेवली नाही मी. म्हटलं, माणसं तोंडाने बोलतीलच की."

त्याने लॅपटॉप मिटला.

८

"तुला कळलं कधी?" चिंधीचा वाहत्या पाण्याचा निरोप सांगून सुनीतांनी चौकीत विचारलं.

"सायबानं तारे वाचून दावले तवा. कडू म्हटल्यावर कळलंच." दमयंतीने सुकलेला गजरा ओढून काढला. "चिंधीला काय बोललीस?"

"तू पाण्यात ठेवलेस म्हणून सांगितलं."

दमयंती एकदम हसली. "वाहतं पानी पायजे म्हनं! सुकापुरात वाहतं पानी कुठं हाय गं? आमच्याकडं टँकर येतो." हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"नाव सांग, दमी. सुटशील."

"आनि तिचं काय? जमिनीचा उतारा नाय, कागुद नाय, वकील नाय. नवऱ्याला आदी बडवतील, मंग विचारतील. वल्ली बाळंतीण हाय ती. घरात काय नव्हतं तरी तिनं माजा डबा रिकामा नाय धाडला. ते चौकीत कसं सांगू? बाजारातून आनले. बाई कोन, ठावं नाय. मेलीस तरी तू हेच सांगायचं."

सुनीतांनी नोकरीभर एकही खोटा जबाब लिहिला नव्हता. त्यांनी तो आता दिला, स्वतःच्या सहीने: बाजारात कधीकधी कडू करांदे मिसळून येतात.

प्रयोगशाळेचे अहवाल आले. पोटातलं विष कंदाचं निघालं. पुडीतली साखर साखरच निघाली. खुनाचं कलम गेलं, निष्काळजीपणाचं लागलं, आणि दमयंती जामिनावर घरी आली. तिच्या गॅसवर त्यानंतर फक्त तिचा चहा झाला. गल्लीतल्या बायका तिच्याशी बोलत, पण तिच्या हातचं कोणी काही घेत नसे. आणि तीही देत नसे. प्रितेशने ॲप बंद केलं आणि वाशीत नोकरी धरली. शांतीआजी दिसेनाशी झाली, कमलाकर पुन्हा शिव्या खाऊ लागला.

प्रणित मात्र एक दिवस भट्टीवर गेला होता. चिंधीला तिच्या करांद्यांचं काय झालं ते त्याने सांगितलं. तिला कळायला हवं, असं त्याला वाटलं म्हणे. एवढा एक निरोप त्याने नीट पोचवला.

भट्टीवरचा डबा आता सुनीता रांधत. ती बातमी त्यांच्या कानावर आली तेव्हा डबा आधीच गेला होता. संध्याकाळी तो परत आला. राखेने घासून लख्ख केलेला, उन्हात वाळवलेला. त्यांनी दारातच उचलला तेव्हा तो हलका लागला.

तरी त्यांनी तो उघडला. वरचा पूड पाहिला, खालचा पाहिला, झाकण उलटं करून पाहिलं.

डबा रिकामा होता.